रांगत्या बाळाचे घर : कोल्हापूरच्या पालकांसाठी घरगुती अपघात टाळण्याचे सविस्तर मार्गदर्शन

मूल चौथ्या महिन्याच्या आसपास कुशीवर वळू लागते, आठव्या-नवव्या महिन्यात रांगते, वर्षाच्या सुमारास आधार धरून उभे राहते आणि दीड वर्षाचे होईपर्यंत स्टूल ओढून त्यावर चढायला शिकते. ही प्रत्येक नवी गोष्ट त्याला एखाद्या सकाळी अचानक जमते. घरातली मांडणी मात्र आदल्या रात्रीचीच असते. पुष्कळसे अपघात नेमके याच अंतरात घडतात. ‘मुलावर लक्ष ठेवा’ हा सल्ला सगळे देतात आणि तो खरा आहे, पण दूध उतू जाते, दाराची बेल वाजते, फोन येतो, आणि सर्वांत दक्ष आईचे किंवा आजीचे लक्षही अर्धे मिनिट ढळते. ते अर्धे मिनिट निभावून जाईल अशी घराची रचना करणे, आणि तीही मूल पुढचा टप्पा गाठण्याच्या आधी करणे, हे या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात : जमिनीवर बसून घर पाहणे

घरातल्या मोठ्या माणसांपैकी दोघांनी मिळून एका दुपारी प्रत्येक खोलीत जमिनीवर बसावे, शक्य असल्यास रांगावे, आणि हाताला काय लागते ते पाहावे. उभ्याने घर पाहिले तर पलंगाखाली पडलेले बटण, दिवाणामागचा उघडा प्लग, देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवलेली कापराची डबी आणि चार्जरची लोंबणारी वायर यांतले काहीच दिसत नाही. मूल उभे राहू लागले की त्याच्या डोक्याच्या उंचीवर हात उंचावून त्यात आणखी वीतभर धरावी. तिथपर्यंतचे सारे त्याचेच समजावे. जुन्या पेठांमधल्या घरांत सोपा, माजघर, न्हाणी आणि परडे अशी एकामागे एक रचना असते, आणि मधल्या दारांना उंच उंबरे असतात. तिथे न्हाणीच्या आणि परड्याच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी बसवणे हे पहिले काम आहे. एवढ्या एका कडीने पाणी, बंब आणि फिनेल हे तिन्ही धोके दाराआड जातात.

न्हाणी आणि कढत पाणी

आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याची पद्धत अशी : न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे, मग उताणे घेते, तेल जिरवते आणि शेजारच्या बादलीतून तांब्याने पाणी ओतते. बादलीतले पाणी बंबातून किंवा गीझरमधून आलेले असते, आणि ते ‘चांगले कढत हवे, त्याशिवाय बाळ शेकत नाही’ असा आग्रह असतो. मोठ्यांच्या हातांची कातडी कामाने जाड झालेली असते; तिला जे पाणी सोसते ते बाळाला पोळते. लहान मुलाची त्वचा पातळ असते आणि ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने ती क्षणार्धात खोलवर भाजते. बाळाच्या आंघोळीचे पाणी ३७ ते ३८ अंशांचे, म्हणजे अंगाला जेमतेम कोमट लागणारे असावे. ते तळहाताने न पाहता कोपर बुडवून पाहावे. गरम पाण्यात नंतर विसण घालण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे : बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग त्यात गरम ओतावे आणि ढवळावे. मध्येच मूल बादलीत हात घालेल, तर तो गार पाण्यात पडेल.

हीटरची रॉड लावलेली बादली मूल असलेल्या घरात जमिनीवर ठेवूच नये. तिथे भाजणे आणि शॉक लागणे हे दोन्ही धोके एकत्र येतात. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा. बंद न्हाणीत तो चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नसतो, आणि आत असलेल्या माणसाला काही कळण्याआधीच भोवळ येते. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून ठेवली, तर तिथेही हाच वायू तयार होतो. शेक द्यायचाच असेल, तर निदान एक खिडकी पूर्ण उघडी ठेवावी, आणि शेगडी बाळापासून दूर ठेवून शेक संपताच खोलीबाहेर न्यावी.

स्वयंपाकघर आणि पंगत

रविवारी मटणाचा बेत झाला की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली थेट चुलीवरून पंगतीच्या मधोमध येतात. नुकते चालू लागलेले मूल कुणाच्या तरी हाकेने मागे वळते, दोन पावले मागे सरकते आणि पातेल्यात बसते. अशा भाजण्यात पाठ, मांड्या आणि हात एकदम सापडतात. रश्श्यावर तेलाचा कट असल्यामुळे तो साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ कढत राहतो आणि अंगाला चिकटून बसतो. म्हणून मूल घरात आहे तोवर पातेले ओट्यावर किंवा उंच टेबलावरच ठेवावे आणि वाढण्यापुरते वाटीत किंवा लहान भांड्यात आणावे, हे मला या साऱ्या लेखातले सर्वांत तातडीचे सांगणे वाटते. एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात चहाचा कप, असे कुणीही कधी करू नये. ओट्यावरच्या भांड्यांचे दांडे भिंतीकडे वळवावेत, इलेक्ट्रिक किटलीची वायर ओट्याखाली लोंबू देऊ नये, आणि मूल झडप घालते त्या वयात टेबलावर चादर अंथरू नये.

भाजलेच, तर पहिली २० मिनिटे निर्णायक असतात. कपडे, वाळे, काळा दोरा काढून टाकावा; कापड त्वचेला चिकटले असेल तर तेवढे राहू द्यावे. मग भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. बाळ लहान असेल, तर उरलेले अंग कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावे, कारण ते चटकन गारठते. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कणीक यांतले काहीही लावू नये. त्याने जखम दूषित होते आणि डॉक्टरांना तिची खोली दिसत नाही. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्यावे. तोंड, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रियाजवळ भाजले असेल, किंवा मूल वर्षाच्या आतले असेल, तर जखम छोटी दिसली तरी दाखवावीच.

साठवलेले पाणी

पाण्यात बुडण्याचा विचार केला की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा किंवा पंचगंगा येते, पण एक-दोन वर्षांच्या मुलाला घरातली बादली पुरते. या वयात डोके धडाच्या मानाने जड असते. मूल बादलीच्या काठावरून वाकले की डोक्याकडून आत जाते, पाण्याने भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडत नाही, आणि त्याच्या हातांत स्वतःला वर ओढण्याचे बळ नसते. आवाज होत नाही. ओरडणे, हातपाय आपटणे या गोष्टी सहसा घडतच नाहीत, म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसाला काही कळत नाही. चार-पाच सेंटीमीटर पाणीही जीव घेऊ शकते.

त्यामुळे आंघोळ किंवा धुणे आटोपताच बादल्या, टब आणि घमेली रिकामी करून पालथी घालावीत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने साठवणे भाग असते हे खरे. अशा वेळी पिंपाला घट्ट बसणारे झाकण असावे आणि त्यावर वजन ठेवावे. जमिनीखालच्या टाकीच्या लोखंडी झाकणाला कडी-कुलूप करून घ्यावे. टँकर आल्यावर ते झाकण उघडे असते, तेव्हा एका मोठ्या माणसाने तिथून हलू नये. मूल टबात बसले असताना टॉवेल आणायलाही उठू नये. विसरला असेल तर ओल्या मुलाला उचलून बरोबर घेऊन जावे.

पावसाळ्यात पूर पाहायला मुलांना घाटावर किंवा पुलावर नेण्याची हौस टाळावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शहराने जे पाणी पाहिले, त्यानंतर याचे अधिक स्पष्टीकरण लागू नये. पूर ओसरल्यावरही तळघरे, खड्डे आणि उघडी गटारे कित्येक दिवस भरलेली असतात, आणि पाणी शिरलेल्या घरात इलेक्ट्रिशियनने तपासणी केल्याशिवाय मुख्य स्विच चालू करणे मुलांसाठी विशेष धोक्याचे असते.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर उलटे धरून फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे चुकीचे आहे. त्यात श्वास देण्याची वेळ वाया जाते. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावेत आणि छातीदाब सुरू करावा.

घशात अडकणे

चार-पाच वर्षांपर्यंत मुलांना दाढांनी नीट दळून खाता येत नाही आणि त्यांची श्वासनलिका अरुंद असते. आपल्या घरांत सर्वांत धोकादायक खाद्य म्हणजे अख्खा शेंगदाणा. भडंगात तो असतो, चिवड्यात असतो, फुटाण्यांबरोबर पाहुणा सहज मुलाच्या मुठीत देतो. या वयात शेंगदाणे कूट करूनच द्यावेत. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात. चिंचोके, सीताफळाच्या व चिकूच्या बिया, बोरे, सुक्या खोबऱ्याचे कडक तुकडे, गोल गोळ्या यांपासून मुलाला दूर ठेवावे. खाताना मूल बसलेले असावे. धावणाऱ्या मुलाच्या मागे घास घेऊन फिरू नये, आणि रडणाऱ्या किंवा हसणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबू नये. फुटलेल्या फुग्याचे रबर श्वासनलिकेवर झाकणासारखे बसते, म्हणून वाढदिवस संपताच फुग्यांचे तुकडे मोजून गोळा करावेत.

मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके धडापेक्षा खाली राहील असे धरून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच थापा माराव्यात. वस्तू न निघाल्यास बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा, आणि हेच आलटूनपालटून करत राहावे. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर तशाच पाच थापा, आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मुठीने आत-वर असे पाच झटके द्यावेत. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती आणखी खोल जाते. मूल बेशुद्ध झाले तर कठीण पृष्ठभागावर निजवून सीपीआर, म्हणजे छातीदाब आणि तोंडाने श्वास देणे, सुरू करावा : मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० छातीदाब, मग दोन श्वास. हे वाचून येत नाही. कुटुंबातल्या एकाने तरी पुतळ्यावर शिकून घ्यावे.

एक गोष्ट पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही. शेंगदाणा खाताना मुलाला एकदा जोराचा ठसका लागतो, मग ते शांत होते आणि सगळे निर्धास्त होतात. पुढे खोकला हटत नाही, छातीत एका बाजूला घरघर येते आणि औषधे बदलत राहतात. दाणा फुप्फुसाच्या नळीत बसलेला असतो. म्हणून ठसक्याची ती घटना डॉक्टरांना आपणहून सांगावी.

औषधे, चुना आणि बाटल्या

तंबाखूबरोबर वापरायच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा ट्यूब अनेक घरांत आजोबांच्या खिशात, कोनाड्यात किंवा गादीखाली असते. मुलाला ती खेळण्यासारखी वाटते. ते दोन्ही हातांनी दाबते, तोंड सुकलेल्या चुन्याने बंद झालेले असते, आणि दाब वाढला की चुना एकदम उसळून थेट डोळ्यात जातो. चुना अल्कली असल्याने तो बुबुळ जाळत आत शिरतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. असे घडल्यास त्याच क्षणी पापण्या उघड्या धरून भरपूर स्वच्छ पाण्याने सलग अर्धा तास डोळा धुवावा, पापणीखालचे कण ओल्या कापसाने काढावेत आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आधी दवाखाना आणि मग धुणे असे करू नये. चुन्याची पुडी कुलपात ठेवा, हे आजोबांना सांगणे कुणाला अवघड वाटत असेल, तरी सांगावेच.

आईच्या लोहाच्या गोळ्या, आजीच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, कापूर, डांबर गोळ्या, फिनेल, टॉयलेट क्लीनर हे सारे एका कुलूपबंद कपाटात असावे. कापूर थोडासा गिळला तरी मुलाला झटके येऊ शकतात. रॉकेल, डिझेल किंवा तणनाशक पाण्याच्या अथवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. मुलाने यातले काही घेतल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. रॉकेल फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो, आणि ॲसिड परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. उंदरांच्या विषारी पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असू शकतो. ती खाल्लेले मूल पहिला दिवस ठणठणीत दिसते आणि नंतर यकृत निकामी होते, तेव्हा ‘खेळतंय की’ म्हणून घरी थांबू नये. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक लिहून ठेवावा.

रिमोटमधल्या आणि खेळण्यातल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांना तर मी विषापेक्षा कमी लेखणार नाही. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत तिथे भोक पाडू लागते. स्क्रूने बंद होणारे झाकण नसलेले खेळणे आणूच नये. मुलाने बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी तातडीने एक्स-रे काढावा. मूल वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा. त्यासाठी निघणे लांबवू नये आणि दुसरे काही खायला देऊ नये. वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही कारणाने देऊ नये.

झोप, पाळणा आणि पडणे

पहिले वर्षभर बाळाला प्रत्येक वेळी पाठीवरच निजवावे. अंथरूण घट्ट असावे. मऊ उशा, जाड गोधडी आणि डोक्याला आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशी तोंडाजवळ नको. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत पाळण्याच्या कडीत अडकून फास बसू शकतो. दृष्टीसाठी बांधायचाच असेल, तर पायात सैल बांधावा. साडीच्या झोळीत निजलेले मूल दिसेल असे ठेवावे आणि ते स्वतः उठून बसू लागले की झोळी बंद करावी.

वॉकर विकत घेऊ नये. त्याने मूल लवकर चालत नाही, पण जिन्यापर्यंत आणि गॅसपर्यंत मात्र लवकर पोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. गच्चीच्या व जिन्याच्या कठड्यातील गजांमध्ये १० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर जाळी लावून घ्यावी आणि कठड्याजवळ कुंडी किंवा खुर्ची ठेवू नये. घराच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) बसवावा आणि मोबाइल काढल्यावर चार्जरही काढावा, कारण लोंबणारे टोक मूल तोंडातच घालते.

दुचाकी

स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल अचानक ब्रेक लागताच हँडलवर आपटते, आणि गाडी उभी असताना मूठ पिळून ती पुढेही नेते. केंद्र सरकारच्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडीगार्ड असावे. चाकाच्या तारांत पाय जाऊन टाच सोलवटल्याची जखम भरायला फार काळ लागतो. चारचाकीत मुलाला मांडीवर न घेता मागच्या सीटवर, त्याच्या वजनाला योग्य अशा बालआसनात बांधावे.

गावाकडे जाण्याआधी

दिवाळीत किंवा मे महिन्यात मूल आजोळी जाते, तेव्हा सुरक्षित केलेले घर मागे राहते. पोचल्यावर पहिल्या तासातच तिथली न्हाणी, हौद, विहिरीचा कठडा आणि औषध फवारणीचे साहित्य पाहून घ्यावे. गुऱ्हाळावर ताजा गूळ खायला जाणे हा आनंद आहेच, पण उकळत्या रसाच्या काहिलीपासून मूल दूर, कडेवरच असावे. काहिलीभोवतालची जमीन मळीने निसरडी असते. उसाच्या शिवारालगतच्या घरात मुलाला जमिनीवर निजवू नये. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश दुखतही नाही. पहाटे मुलाचे पोट दुखणे, पापण्या मिटू लागणे, गिळता न येणे एवढेच दिसते. पलंग आणि गादीखाली घट्ट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावर चांगला उपाय आहे. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, चोखणे किंवा करकचून दोरी बांधणे करू नये. वाळे-कडे काढावे, हाडाला फळी बांधतात तसा तो अवयव स्थिर करावा आणि मुलाला चालू न देता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. विंचू चावल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले किंवा उलट्या झाल्या, तर तेही तितकेच तातडीचे आहे.

शेवटचे काम : एक कागद

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा. त्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२, आपल्या बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक, रात्री-अपरात्री उघडे असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय (शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर), मुलाचे वजन, रक्तगट आणि ॲलर्जी असलेली औषधे लिहावीत. मूल दिवसभर आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडे राहत असेल, तर तो कागद त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांच्या चष्म्याला दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावा. वजन दर तीन महिन्यांनी बदलून लिहायचे असते. त्याच दिवशी पुन्हा जमिनीवर बसून घर पाहून घ्यावे.